आमच्या घराण्याचा धंदा

आमचं घराणं आंग्र्यांच्या आरमारातलं. हे मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि ऐकून गप्प बसलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी ते शाळेत सांगितलं, कॉलेजात सांगितलं, लग्न ठरताना सासऱ्यांना सांगितलं, आणि पुढे बँकेत साहेबांनी रजा नाकारली की मी मनातल्या मनात कान्होजींच्या गलबतावर चढून थेट त्यांच्या केबिनवर तोफ डागत असे. मला पोहता येत नाही. मांडव्याच्या बोटीत बसलो की गेटवेचा धक्का दिसेनासा व्हायच्या आत मी आलेपाकाची वडी तोंडात धरून डोळे मिटून घेतो, आणि शेजारच्या बाई आपली पिशवी उचलून पलीकडे सरकतात. पण रक्तात समुद्र आहे म्हणजे आहे.

पुरावा तेवढा नव्हता.

तो असावा असं वाटायला कारण झाले आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतले एक शेजारी. त्यांच्याकडे कुलवृत्तांत आहे. लाल कापडी बांधणीचा ग्रंथ, त्यात मूळ पुरुष, गोत्र, शाखा, उपशाखा, कोण काशीला गेला, कोण बडोद्याला नोकरीला लागला, कोण दत्तक गेला, सगळं ओळीनं. आल्यागेल्याला ते तो दाखवतात आणि दाखवून झाल्यावर माझ्याकडे बघतात. आमच्या घरी अशा कामाला फक्त एक पत्र्याची ट्रंक आहे, आणि तिच्यात दोन रद्द रेशनकार्डं, गॅसचं जुनं पुस्तक आणि कुणाच्या तरी मुंजीतला चांदीचा मुलामा उडालेला तांब्या.

अशा मनःस्थितीत डब्लिनहून पुतण्याचा फोन आला. तो तिकडे नोकरीला आहे आणि त्याची घरमालकीण पूर्वज शोधते. आता आयर्लंडात हे काम सोपं नाही. १९२२ साली तिथल्या यादवीत डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली आणि शेकडो वर्षांचे कागद जळाले. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या खानेसुमारीची दफ्तरं बहुतेक त्यातच गेली. १८६१ आणि १८७१ ची तर सरकारनं त्याआधी स्वतःच्याच हातानं नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धात लगदा करायला गेली. थोडक्यात, पूर्वजाचं नाव विचारायला जावं तर दारातच राख. म्हणून तिथली माणसं धंद्यावरून माग काढतात. १७९६ साली तिथे जवस लावणाऱ्या शेतकऱ्यांना, तागे विणायला सूत मिळावं म्हणून, सरकारनं चरखे वाटले होते: एकरभर लावणाऱ्याला चार चरखे, पाच एकर लावणाऱ्याला माग. त्या वाटपाच्या यादीत जवळजवळ साठ हजार नावं आहेत, आणि त्यातलं एक घरमालकिणीच्या पूर्वजाचं. म्हाताऱ्यानं जवस पेरलं आणि सव्वादोनशे वर्षांनी नातीला तो सापडला.

“काका,” पुतण्या म्हणाला, “नावाच्या मागे लागू नका. धंदा शोधा.”

मी म्हटलं, धंदा ठाऊकच आहे. आरमार. आता फक्त कागद काढायचा.

पहिल्यांदा मी कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर मिळवलं. (रायगड हे नाव १९८१ चं, त्याआधी जिल्हा कुलाबा.) १८८३ सालचा हा ग्रंथ म्हणजे कमाल आहे. साहेबानं गाड्या मोजल्या, नांगर मोजले, बैल मोजले, म्हशी मोजल्या, मीठ कसं पिकतं ते लिहिलं, खाडीतून बोटी कुठपर्यंत येतात ते लिहिलं, आमच्याकडच्या माणसांची घरं, कपडे, जेवण, लग्नातला खर्च, सगळं लिहिलं. फक्त माझ्या खापरपणजोबांचं नाव तेवढं लिहायचं राहिलं. बैलांच्या आकड्यात आमच्या घरचा बैल नक्की असणार. म्हणजे इतिहासात आमचा बैल आहे आणि आम्ही नाही.

मग मी नाशिकला क्षेत्रोपाध्यायांकडे जाऊन आलो. त्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या असतात. कोण कुठल्या गावाहून आला, बरोबर कोण होतं, कुणाच्या अस्थी होत्या. गुरुजींनी तालुका विचारला, गाव विचारलं, वहीची पानं उलटली आणि शेवटी फार सौम्य आवाजात म्हणाले, “तुमच्या घरातलं इथवर कुणी आलेलं दिसत नाही.” मी दक्षिणा ठेवून उठलो. त्यांनी नव्या पानावर माझं नाव लिहून घेतलं. तर आमच्या घराण्याचा मूळ पुरुष सध्या तरी मीच आहे.

आता गावाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गाव धरमतर खाडीच्या काठाला, अंबा नदीचं पाणी जिथे गोडं राहायचं सोडून देतं तिथे. एके काळी मुंबईहून धरमतरला बोट यायची आणि तिथून माणसं पुढे घाटावर, महाडकडे, अलिबागकडे पांगायची. आता पुलावरून गाड्या जातात आणि खाली कोळशाचे बार्ज. मी दिव्याहून रोह्याची गाडी पकडून पेणला उतरलो, टोपी, पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा, आणि रिक्षावाल्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं, “पूर्वज शोधायला आलोय.” तो काही न बोलता निघाला आणि त्यानं मला पेणच्या सिनेगॉगसमोर आणून सोडलं.

त्याचंही चूक म्हणता येत नाही. पूर्वज शोधायला पेणला जी माणसं येतात ती इस्रायलहून येतात. बेने इस्रायल मंडळी याच पट्ट्यात शतकानुशतकं राहिली, मराठी बोलली, गावांवरून पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर झाली. धंदा तेल गाळायचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. कोण कुठून आले, कधी आले, याबद्दल विद्वानांचा वाद अजून चालू आहे. पण घाणा कुठला आणि तो कोणत्या वारी बंद असे हे गावाला पक्कं ठाऊक. त्यांच्यातले हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा सगळा इतिहास लिहून काढला, तो १९३७ साली छापूनही आला. मी त्या बंद दारासमोर उभा राहून हिशेब केला: शेजाऱ्यांकडे कुलवृत्तांत, शनवार तेल्यांकडे इतिहास, आयरिश बाईकडे चरख्याची यादी. आमच्याकडे मी.

“तुमी हितले नाय?” रिक्षावाल्यानं विचारलं. इथलाच आहे म्हटल्यावर त्यानं भाडं कमी केलं, पण माझ्याकडे बघायची त्याची नजर बदलली ती बदललीच.

गावात आत्या आहे. नव्वदीला टेकलेली, ऐकू थोडं कमी येतं, बाकी सगळं शाबूत. मी पिशवीतून वही काढली, टेपरेकॉर्डर म्हणून मोबाइल पुढ्यात ठेवला आणि विचारलं, “आत्या, आपले आजे-पणजे आंग्र्यांच्या आरमारात काय होते? तांडेल की आणखी वरचे?”

आत्यानं सुपारी कातरायची थांबवली. “कुनाच्या?”

“आंग्र्यांच्या.”

“तुला कोन बोल्ला?” मग तिला एकदम आठवलं आणि ती इतकी हसली की सुनेला पाणी घेऊन धावत यावं लागलं. “अरं, माझा आजा धरमतरच्या बंदरात ट्रंका व्हायचा. बोट आली की उतारूंच्या ट्रंका डोक्यावर. एकदा अलिबागला आंग्र्यांच्या वाड्यावर जायाची पेटी उचलली व्हती म्हनं. मेला तरी तेच सांगत व्हता.”

अडीचशे वर्षांची आमची नौदलपरंपरा एका पेटीवर उभी होती. आणि ती पेटीही दुसऱ्याची.

“आणि त्याचा बाप?”

“मिठागरावर. नायतर बांधावर. दुसरं काय व्हतं हिकडं?”

खरंच दुसरं काही नव्हतं. उधाणाचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हाला द्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचं आणि थंडीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, टाचा फुटेस्तोवर, मीठ ओढायचं. ते मीठ वंजाऱ्यांच्या बैलांवरून बोरघाट चढून वर जायचं. आगर नसेल तेव्हा बांध. खाडीचं खारं पाणी अडवून भातशेती करायची ही इकडची जुनी विद्या. ज्याच्या पुढाकारानं खार बांधली तो शिलोत्रीदार, मोठा बांध राखायची जबाबदारी त्याच्यावर. चिखल हातोहात देऊन तो बांध उभा करणारे आमच्यासारखे. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जायला उघाडी असते, ती भरतीला मिटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे धड भात येत नाही. म्हणून खांड गेली की रात्र असो, दिवस असो, घरटी माणूस बांधावर. १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, बांध सरकारच्या यादीत गेले. तोवर ते राखले ते या निनावी हातांनी. आता माझ्या हातांकडे बघा. यांनी आयुष्यभर नोटा मोजल्या, त्याही ओल्या स्पंजाला बोट लावून.

तरीही मला एकदम भरून आलं. आरमार गेलं तर गेलं. बांध तर आपला! मी पूर्वजांच्या कर्मभूमीचं दर्शन घ्यायला निघालो. आत्या ओरडून काहीतरी सांगत होती, ते मला वाटलं आशीर्वाद असावा. बांधावरून उघाडीपर्यंत व्यवस्थित पोचलो. तिथून खाडीकडून बांधाचा फोटो छान येईल असं दिसलं, ओहोटी होती, चिखल वरून सुकलेला, चकाकत होता, म्हणून मी एक पाऊल खाली टाकलं आणि ते पोटरीपर्यंत गेलं, ते काढायला दुसरं टाकलं ते गुडघ्यापर्यंत गेलं, दोन्ही काढायला कॅमेरा असलेल्या हातानं टेकू घेतला तर हात कोपरापर्यंत गेला, आणि अशा तीन पायांवर उभा असताना खिशातला मोबाइल वाजू लागला. डब्लिन.

निवट्या पकडायला आलेली दोन पोरं लांबून बघत होती. “काका, हलू नका! हललाव तं आजून आत जाल!” ती फळी घेऊन सरसर चिखलावरून आली. त्यांचे पाय घोट्याच्या वर जात नव्हते. मला त्यांनी फळीवर आडवा ओढला आणि बांधावर आणून ठेवला. एक जण म्हणाला, “भरती लागली व्हती, काका.” दुसऱ्यानं विचारलं, “तुमी हितले नाय?”

चपला तिथेच आहेत. आणखी शंभर वर्षांनी कुणी उत्खनन केलं तर आमच्या घराण्याचा एवढा एक भौतिक पुरावा त्या जागी नक्की सापडेल.

पण कागद मिळाला. आत्याच्या सुनेनं पाय धुवायला गरम पाणी देता देता सांगितलं की जुन्या शिलोत्रीदारांच्या घरात माळ्यावर मोडी कागदांचं बोचकं आहे. त्या घरच्यांनी उदारपणे फोटो काढू दिले. मोडी मी शिकलेला आहे. म्हणजे वर्गाला गेलेला आहे. पण मोडी लिहिणारा बोरू टेकवला की ओळ संपेपर्यंत उचलत नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करत नाही, आणि माझ्या हाती लागलेल्या कागदाचा लेखक तर घाईतही होता. वर्गातल्या सरांकडे गेलो. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांच्या दाराशी रांगा लागल्या होत्या. तिथे मी माझ्या आरमारासह, आता मीठ-बांधासह, मुकाट उभा राहिलो.

सरांनी चष्मा वर केला, एका ओळीवर बोट ठेवलं. आमचं आडनाव! गावाचं नाव! पुढे खापरपणजोबांचं नाव, आणि त्यापुढे धंदा: मिठागरावर मजूर. मी सरांचे पायच धरणार होतो.

“थांबा,” सर म्हणाले, “वर मथळा आहे.” त्यांनी तो वाचला, परत वाचला, आणि माझ्याकडे जरा सहानुभूतीनं बघितलं. बांधाला खांड गेली त्या रात्री बोलावूनही कामावर न आलेल्या असामींची ती यादी होती. आमच्या पूर्वजांच्या नावापुढे शेराही होता: दोनदा माणूस पाठवला, सासुरवाडीस गेला असे सांगितले.

घरी हे वाचून दाखवल्यावर बायको शांतपणे म्हणाली, “मग बँकेतला तुमचा मस्टर मला आता कळला.”

शेजाऱ्यांना मी अजून कागद दाखवलेला नाही. मथळा कापून फ्रेम करावी असा एक विचार आहे. तोवर एक विनंती. त्या यादीत आमच्याखेरीज आणखीही नावं आहेत. तुमचं मूळ गाव पेण, वडखळ, पोयनाडच्या बाजूला असेल, आजा-पणजा मिठागरावर किंवा बांधावर होता असं घरात कधी बोललं गेलं असेल, तर मला जरूर कळवा. सरांकडून नाव काढून देतो. यादी गैरहजरांची आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.