मॅनिट की आरजीपीव्ही?

भोपाळमध्ये अभियांत्रिकीसाठी दोन नावे घेतली जातात: १९६० चे मॅनिट, ज्याला २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा (एनआयटी) दर्जा मिळाला, आणि १९९८ चे राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठ (आरजीपीव्ही). निवड विद्यार्थी करतो असा समज आहे. प्रत्यक्षात ती जेईई मेन या प्रवेश परीक्षेतला क्रमांक करतो. मॅनिटच्या निम्म्या जागा मध्य प्रदेशातून बारावी झालेल्यांना. तेव्हा बारावी नागपुरात केलेल्या भोपाळकर मराठी मुलाचा तो वाटा नागपूरच्या एनआयटीत, म्हणजे व्हीएनआयटीत निघतो. उरतो शाखेचा घोळ: मॅनिटमध्ये स्थापत्य की विद्यापीठात संगणक? यावर काका, मामा आणि शेजारी फुकट समुपदेशन करतात. बहुतेकांनी दोन्ही आवारे बसच्या खिडकीतूनच पाहिलेली असतात. त्यांचे एकमत होईपर्यंत शुल्क भरण्याची मुदत संपते.