नशिबाचे गुण

शूर, चपळ, बुद्धिमान आणि देखणा मावळा कागदावर उतरवणं मला मुळीच जड गेलं नाही. समोर आरसा होता. घोडं अडलं ते नशिबापाशी.

भाच्याच्या कंपूने मला ‘डीएम’, म्हणजे खेळातला सूत्रधार, केलं ते माझ्या व्यासंगामुळे असा माझा समज आहे. टेबल माझं आणि भज्यांचा घाणाही माझ्याच घरचा, हा निव्वळ योगायोग.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं रंगवायचा खेळ काढला तेव्हा पात्राला सहा गुण दिले: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. त्यात नशीब नाही. फासा हातात दिला की नशीब आलंच, असा त्यांचा हिशोब असावा. पण आमचा खेळ घनगडाच्या पायथ्याशी घडतो, आणि मुळशी तालुक्यात नशिबाचं नाव न काढता कुणी साधी जमिनीची गोष्टही सांगत नाही. म्हणून सातवा गुण मी घालायचं ठरवलं. त्याच खेळाच्या 2014च्या आवृत्तीत नशीबवान पात्राला नशिबाचे तीन गुण मिळतात आणि रात्रभर झोप काढली की ते पुन्हा भरतात. झोपून उठलं की नशीब भरलेलं! मी रोज उठतो. मला तरी हा अनुभव नाही.

इथे नळराजाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कंपू अशा वेळी “मामा, फासे टाका” म्हणून ओरडतो. वाचकांना ओरडता येत नाही. तर नळ द्यूतात राज्य हरला आणि बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. नळाच्या बायकोचं, दमयंतीचं, दुसरं स्वयंवर ठरल्याचं ऐकून राजा विदर्भाकडे भरधाव निघालेला. वेळ इतका थोडा, की खाली पडलेलं उपरणं उचलायलाही रथ थांबला नाही. वाटेत राजाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने मोजून आकडा सांगितला. यावर नळाने काय करावं? रथ थांबवला, झाड पाडलं आणि फळं मोजत बसला! आकडा बरोबर निघाला. मग सौदा ठरला: नळाने घोड्यांची विद्या द्यायची, राजाने फाशांची. ती विद्या मिळताच त्याला द्यूतात हरवणारा, अंगात शिरलेला कली बाहेर पडला आणि बेहड्यात शिरला. गंमत अशी की त्या जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं टाकत. महाभारताच्या वनपर्वातल्या या प्रकरणाइतकं चोख नियमपुस्तक अमेरिकेत अजून छापलेलं नाही. बेहडा आपल्या सह्याद्रीत भरपूर. लोक त्याला त्रिफळा चूर्णापुरतं ओळखतात. मी फळं आणून टेबलावर टाकली. ती गडगडत सोफ्याखाली गेली. कली तूर्त तिथेच असावा.

अखेर नियम मी 1982च्या ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ या पुस्तकातून उचलला. एक फासा टाकायचा, त्यात सहा मिळवायचे. म्हणजे नशीब 7 ते 12. जिवावर बेतलं की हवं तर दोन फासे टाकायचे. बेरीज नशिबाइतकी किंवा कमी आली तर सुटका. मग जिंका नाहीतर हरा, नशीब एकाने कमी. 12 असेल तर पहिली खेप चुकूच शकत नाही; 7 असेल तर 36पैकी 21 वेळाच साधतं.

माझ्या मावळ्याला मी फासा न टाकताच 8 लिहिले. स्वकष्टाने वर आलेल्या माणसाला 8 पुष्कळ झाले. भाच्याने विचारलं, “मामा, घोटावडे फाट्याजवळ ही जागा घेतलीत तेव्हा भाव काय होता?”

“त्याला दूरदृष्टी म्हणतात.”

“पैसे आजोबांनी दिलेले ना?”

“उसने.”

“फेडलेत?”

त्याने 8 खोडून 12 केले. चार पोरांसमोर.

आमच्यात वरच्या मुळशीकडचा एक मुलगा आहे. त्याच्या पणजोबांची भातखाचरं टाटांच्या धरणाखाली गेली. 1921 साली सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह केला. तरी धरण झालं आणि वीज मुंबईला गेली. भरे गावात राहणारे आम्ही त्याच तालुक्यातले, पण आमच्या बाजूला पाणी आलं नाही, भाव आले. त्यात माझं कर्तृत्व किती, हे भाच्यासमोर मी कबूल करणार नाही.

या मुलाच्या फाशाला सहा आले. नशीब 12! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी मुद्दाम त्याच्यावर बिबट्या सोडला, दरड सोडली, गनिमाची तुकडी सोडली. प्रत्येक वेळी तो म्हणे, “राहू दे. नशीब नको वापरायला.” त्याचा मावळा घनगडाच्या वाटेवर मेला, तेव्हा कागदावर 12 तसेच होते. मी खरोखर चिडलो. “अरे, वापरायचं ना! पहिली खेप चुकलीच नसती!”

“मामा, वापरलं की कमी होतं. तुम्हीच लिहिलंय.”

त्यावर सूत्रधाराला काही बोलता आलं नाही. नवा मावळा करताना त्याच्या फाशाला एक पडला, म्हणजे नशीब 7. आता मात्र तो पठ्ठ्या उठसूट नशीब आजमावतो आणि वाचतोही.

रविवारी दुपारी एक खुर्ची रिकामी असते. भऱ्यात किंवा पिरंगुटात कुणी मोकळं असेल तर जरूर यावं. फासे आपापले आणा, आणि मी जागा केव्हा घेतली ते विचारू नका.