गाडीची साक्ष

गोल्फच्या मैदानावर आता गाडी आपली आपण चालते, हे कळल्यावर आमच्या ओळखीच्या एका निवृत्त साहेबांना जो आनंद झाला, तो महागाई भत्ता वाढल्याच्या बातमीनेही झाला नसता. ‘बघा, जग कुठे चाललंय!’ असं म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. जग कुठेही चाललेलं असो, विनाचालक गाडीसाठी अख्ख्या पृथ्वीतलावरची सर्वांत सोपी जागा निवडायची ठरवली, तर गोल्फचं मैदानच निघेल. सिग्नल नाही, उलट्या बाजूने येणारा टेम्पो नाही, रस्त्यात रवंथ करत बसलेली म्हैस नाही. खड्डे आहेत, पण ते मुद्दाम खणलेले, वाळू भरलेले आणि नकाशात दाखवलेले. माणसं आहेत, पण धावणारं कुणी नाही. धावायची हौस असती तर ती मंडळी या खेळाकडे वळलीच नसती.

मुळात गोल्फचा इतिहास म्हणजे अंगमेहनत एकेक करून दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा इतिहास. नियमाने जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात. त्यांची पिशवी आधी ती वाहणाऱ्या कॅडीच्या खांद्यावर गेली. मग १९५० च्या दशकात अमेरिकेत बॅटरीवरच्या गाड्या पसरल्या आणि पायांचं काम गेलं. १८ होल पायी खेळायचे म्हणजे आठ-दहा किलोमीटरची चाल पडते, ती वाचली. उरलं होतं एक पेडल दाबणं, तेही आता गेलं. राहता राहिलं ते चेंडू मारणं, आणि नेमकं तेच बहुतेकांना जमत नाही. चालणं जमत होतं ते यंत्राला देऊन टाकलं आणि जे जमत नाही ते स्वतःकडे ठेवलं, अशी ही वाटणी आहे.

जपानमधल्या गोल्फरला मात्र हे सगळं ऐकून जांभई येईल. तिथे १९९० च्या दशकापासून अशा गाड्या आहेत. तिथली बरीच मैदानं डोंगरउतारावर कोरलेली. खेळणारे चौघे, गाडी पाच जणांची, पाचवी जागा कॅडीबाईंची. गाडीवाटेच्या खाली तार पुरलेली असते. तारेत वीज सोडली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि गाडीच्या पोटातला सेन्सर त्याचा माग काढत जातो. कुठे हळू व्हायचं, कुठे थांबायचं, हे सांगायला वाटेत चुंबक पुरलेले. चौघे साहेब चार दिशांना आपापले चेंडू शोधत असतात. कॅडीबाई मान झाकणारी टोपी घालून, हातात तिघाचौघांच्या काठ्या सांभाळत गवतातून वर येतात, रिमोटचं बटण दाबतात आणि रिकामी गाडी चढ चढून पुढे जाऊन उभी राहते. यातली बुद्धिमत्ता कृत्रिमही नाही आणि नैसर्गिकही नाही. तार आहे.

नव्या गाड्यांनी तार काढली आणि तिच्या जागी उपग्रह, कॅमेरे आणि लेसर बसवले. शिवाय पिशवी वाहून नेणारी एक छोटी ढकलगाडी आली आहे. मालक चालला की ती चार पावलं मागून चालते, तो थांबला की थांबते, वळला की वळते. दौऱ्यावरच्या मंत्र्यामागचे कार्यकर्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात तंत्रज्ञान नेमकं कुठे आहे ते दाखवून द्यावं लागेल.

पण विक्रेत्याचा खरा भर आहे तो ‘खेळाडूला मदत’ या दोन शब्दांवर. गाडीला सगळं ठाऊक असतं. झेंडा किती यार्डांवर, बंकर कुठे, उतार किती. इथे मध्ये येतो नियम. गोल्फचं नियमपुस्तक स्कॉटलंडची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून चालवतात. त्यातला ४.३ क्रमांकाचा नियम सांगतो की यंत्राकडून अंतर घ्या, खुशाल घ्या. पण उतार-चढाव मोजून घ्यायचा नाही, आणि तुमचा चेंडू पडलाय तिथून कोणती काठी घ्यावी, कुठल्या दिशेने मारावा, हा सल्ला यंत्राकडून घ्यायचा नाही. पहिल्या चुकीला स्ट्रोक-प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, पुन्हा केलंत तर बाद. तोच सल्ला कॅडीने दिला तर चालतो. त्याने नुसतं ‘सात नंबर घ्या साहेब’ म्हटलं तरी चालतं, मग तो अंदाज साफ चुकीचा का असेना. म्हणजे चुकू शकणाऱ्याला बोलायची मुभा आणि हिशेब पक्का असलेल्याने तोंड उघडायचं नाही. वरकरणी विचित्र वाटतं, पण सरकारी बैठकांना बसलेला कुणीही सांगेल की हीच पद्धत टिकाऊ आहे.

त्याच पुस्तकात आणखी एक कलम आहे, ते वाचून आमच्या निवृत्त साहेबांचा चेहरा पडला. कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूला. चाकराची चूक, शिक्षा मालकाला! छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी याच्या नेमकं उलट होताना पाहिलं होतं. फाइल साहेबांच्या टेबलावर दोन वर्षं पडून राहिली तर मेमो कारकुनाला, असा आपला अलिखित नियम ४.३. त्या मानाने विनाचालक गाडी सोयीची. ती चुकली तर सॉफ्टवेअर चुकलं म्हणता येतं, आणि सॉफ्टवेअर कुणाचा मेहुणा नसतो.

गाडीत बसणं म्हणजे गोल्फ खेळणं का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हे इथे सांगितलं पाहिजे. केसी मार्टिन नावाचा चांगला खेळाडू. उजव्या पायात जन्मजात रक्ताभिसरणाचा विकार, चालणं म्हणजे यातना. त्याने स्पर्धेत गाडी मागितली. व्यावसायिक स्पर्धा भरवणारी पीजीए टूर म्हणाली, चालून दमणं हा खेळाचा गाभा आहे. अर्नोल्ड पामर आणि जॅक निकलस या दिग्गजांनी टूरच्या बाजूने साक्ष दिली. गंमत म्हणजे टूर स्वतःच ज्येष्ठांच्या स्पर्धेत गाडी देत होती. २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने निकाल दिला की गाभा म्हणजे चेंडू मारणं, चालणं नव्हे. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कालियांनी, गोल्फ म्हणजे काय हे ठरवण्याची वेळ देशाच्या सर्वोच्च न्यायालयावर यावी, याची मनसोक्त टर उडवली. मार्टिनला गाडी मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. मला कुतूहल आहे ते दोन्ही पाय धडधाकट असलेल्यांचं. सकाळी ते गाडीतून अठरा होल फिरतात आणि संध्याकाळी महिन्याची फी भरून ट्रेडमिलवर चालतात. कारण मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलं मागतं आणि गाडीची पावलं ते धरत नाही.

गाडीचा मला मनापासून आवडलेला गुण निराळाच. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीचं बारीक कापलेलं, लाडाकोडात वाढवलेलं गवत. त्यावर चाक गेलं की माळ्याच्या काळजावरून गेलं. उपग्रहावर चालणाऱ्या गाड्यांना त्याभोवती अदृश्य कुंपण घालता येतं. तिथवर गेली की गाडी थांबते आणि फक्त मागे येते. आत बसलेला कोण, हे ती विचारत नाही. ‘मी कोण आहे माहीत आहे का?’ हे वाक्य आपल्या देशात टोलनाक्यापासून देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत चालतं, तिथे चालत नाही. असली गाडी खरं तर विधानभवनाच्या आवारात हवी. अर्थात, आली तर पहिल्या आठवड्यात तिला एक ‘व्हीआयपी मोड’ बसेल आणि दुसऱ्या आठवड्यात तो सगळ्यांकडे असेल.

आता कॅडी. विक्रेत्याच्या तक्त्यात तो ‘खर्च’ या रकान्यात असतो. भारतीय गोल्फच्या तक्त्यात मात्र तो दुसऱ्याच रकान्यात सापडतो. इंडियन ओपन १९६४ साली सुरू झाली आणि ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, १९९१ मध्ये, अली शेर. तो दिल्ली गोल्फ क्लबातल्या कॅडींमधून वर आलेला. एसएसपी चौरसिया हा कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा क्लबातल्या माळ्याचा मुलगा. तिथेच चेंडू मारायला शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोनदा ओपन घेऊन गेला. सभासदत्वाची प्रतीक्षायादी पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या क्लबांत ही मंडळी मागच्या दाराने आत आली ती पिशवी उचलून. आता पिशवी गाडी उचलेल. गाडीचा मुलगा काही इंडियन ओपन जिंकणार नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली; तेव्हा तिची पिशवी तिच्या आईकडे होती. त्या आईला गोल्फ किती कळतं यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. ज्यांना गोल्फ उत्तम कळतं अशा गाड्या त्या वर्षीही बाजारात होत्या.

पण या धंद्याची खरी अडचण आहे साक्षीची, आणि ती पुन्हा जपाननेच दाखवून दिली. तिथे होल-इन-वनचा विमा मिळतो. होल-इन-वन म्हणजे एका फटक्यात चेंडू थेट भोकात जाणं. हौशी खेळाडूच्या बाबतीत साडेबारा हजारांत एकदा, असा हिशेब अमेरिकेत सांगतात. जपानी रीत अशी की हे भाग्य ज्याला लाभलं त्यानेच सगळ्यांना जेवण घालायचं, भेटवस्तू वाटायच्या, क्लबात झाड लावायचं. आनंदाने दिवाळं निघू नये म्हणून विमा. आणि विमा कंपनी म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, पाहिलं कुणी? सोबत्याची सही पुरत नाही, त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि तो सहसा कॅडी. कॅडीविना खेळलात तर व्हिडिओसारखा भक्कम पुरावा आणा. एवढं सगळं तंत्रज्ञान आणून शेवटी पैसे कशावर सुटतात, तर ‘मी पाहिलं’ म्हणणाऱ्या बाईच्या सहीवर.

कॅमेरेवाली गाडी ही साक्ष देईल, यात शंका नाही. पण ती फक्त तेवढीच साक्ष देऊन थांबेल का? गोल्फमध्ये स्वतःचा स्कोअर बहुधा स्वतःच मोजायचा असतो. हा सभ्य माणसांचा खेळ आहे, म्हणूनच यात इतकी प्रचंड सोय आहे. झाडीत गेलेला चेंडू बुटाच्या टोकाने हळूच मोकळ्यावर येतो. वाळूत मारलेले चार फटके कार्डावर दोन होतात. अनुभवी कॅडी अशा वेळी आकाशात घार शोधतो. कधी पाहायचं आणि कधी पाहायचं नाही, हे ज्याला कळतं तोच खरा कॅडी. त्याला मिळणाऱ्या बक्षिसीतली निम्मी रक्कम या दुसऱ्या कौशल्याची असते. गाडीला घार शोधता येत नाही. तिच्या छतावरचा कॅमेरा सगळीकडे बघतो, सगळं साठवतो आणि संध्याकाळी आलेख काढून बायकोच्याही मोबाइलवर पाठवायची सोय देतो. आमच्या साहेबांनी माहितीपत्रक इथपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला. मग फार हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, की यात माहितीच्या अधिकाराखाली काय काय मागता येतं?

जपानमध्ये एक गोष्ट मात्र गोल्फवाल्यांना न विचारताच घडली. फुकुई प्रांतात एइहेइजी नावाचं गाव आहे. दोगेन या झेन गुरूने १२४४ मध्ये स्थापलेल्या मठाचं हे गाव. तिथे जाणारी छोटी रेल्वे २००२ मध्ये कायमची बंद झाली. बस चालवायला माणसं मिळेनात, आणि गावात म्हातारे जास्त. मग त्याच रुळांच्या जागेवर वाट करून, खाली तार पुरून, गोल्फच्याच गाड्या सुधारून सोडल्या. वेग ताशी १२ किलोमीटर. मे २०२३ पासून तिथे जपानमधली पहिली चौथ्या पातळीची, म्हणजे गाडीत चालकच नसलेली, प्रवासी सेवा सुरू झाली. ज्या यंत्राने धडधाकटांची चाल सोडवली, तेच आता ज्यांना खरंच चालवत नाही अशांना घेऊन जाऊ लागलं.

पाच महिने बरे गेले. ऑक्टोबरात गाडी वाटेच्या कडेला उभ्या करून ठेवलेल्या एका सायकलला जाऊन घासली. सायकलवर कुणी नव्हतं, कुणाला काही लागलं नाही. तरी सेवा बंद केली, चौकशी बसवली, आणि निष्कर्ष असा निघाला की मागच्या बाजूने पाहिलेली सायकल कशी दिसते हे गाडीच्या मेंदूला पुरेसं शिकवलेलंच नव्हतं. ते शिकवून मार्च २०२४ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. आता गाडीला दोष तरी कसा द्यायचा? तिचं सगळं घराणं गोल्फच्या मैदानावरचं, तिथे सायकल येणार कुठून? आणि त्यांनी तरी तिला पाच महिने घरी बसवून सायकल ओळखायला शिकवली. आपल्याकडे लायसन्स देताना हा विषयच घेत नाहीत.