मंगळवारचा बोलका वर्ग

शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाची अमेरिकेतील रुळलेली पद्धत अशी, की प्रशासनाने एक दिवस मुक्रर करावा, पाहुण्या तज्ज्ञाने स्लाइड वाचून दाखवाव्यात आणि शिक्षकांनी मागच्या रांगेत बसून शाळेतून आणलेले पेपर तपासावेत. 2009 साली टॉम व्हिटबी, शेली टेरेल आणि स्टीव्हन अँडरसन यांनी ट्विटरवर ‘एडचॅट’ हे शिक्षकांचे थेट चॅट सुरू केले, तेव्हा दर मंगळवारी ठरलेल्या तासाला शेकडो शिक्षक कोणाच्याही आदेशावाचून जमू लागले; प्रवासभत्ता नसताना आणि चहाचीही सोय नसताना ते जमले, ही बाब प्रशिक्षणाच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदवण्याजोगी आहे.

थेट चॅट म्हणजे ठरावीक वेळी, एकाच हॅशटॅगखाली चालणारी लेखी चर्चा. हॅशटॅग ही शब्दाआधी चिन्ह जोडून त्या विषयावरील सर्व नोंदी एकत्र मिळवण्याची युक्ती असून ती ख्रिस मेसिना यांनी 2007 मध्ये ट्विटरवर सुचवली होती. अशा बहुतेक चॅटमध्ये सूत्रसंचालक ‘क्यू1’ अशी खूण करून पहिला प्रश्न टाकतो आणि उपस्थितांनी ‘ए1’ लिहून उत्तर द्यायचे असते. ट्वीटची मर्यादा तेव्हा 140 अक्षरांची होती. त्यातली 11 अक्षरे ‘ए1’ ही खूण, एडचॅटचा इंग्रजी हॅशटॅग आणि दोन मोकळ्या जागा यांतच खर्ची पडत, त्यामुळे ‘उत्तर सविस्तर लिहा’ असे आयुष्यभर बजावत आलेल्या मंडळींना ज्ञानरचनावादासारखा अख्खा शिक्षणसिद्धान्त 129 अक्षरांत बसवावा लागे. (देवनागरीत काना, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलंत यांचीही स्वतंत्र मोजदाद होत असल्याने मराठी शिक्षकाला तो आणखी आखडता घ्यावा लागला असता.) नोव्हेंबर 2017 मध्ये मर्यादा 280 झाली आणि पाल्हाळाला त्याचे हक्काचे घर परत मिळाले.

या तासाचे खरे वैशिष्ट्य असे, की त्यात शिक्षकाचे सर्व विद्यार्थिदोष उफाळून येतात. तो उशिरा येतो, आल्याबरोबर कोणता प्रश्न चालू आहे हे शेजाऱ्याला विचारतो आणि विचारपूर्वक उत्तर लिहून होईपर्यंत चौथा प्रश्न आलेला असल्याने त्याचे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मूल्यमापनाच्या वादात पोरके होऊन पडते. उलट, ‘अगदी मनातले बोललात’ एवढेच लिहिणारा सर्वांच्या लक्षात राहतो. रीट्वीट, म्हणजे दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे पुढे पाठवणे, ही वर्गात शिक्षेला पात्र असलेली क्रिया येथे सौजन्य ठरते. काहीही न लिहिता नुसते वाचणाऱ्यांचाही मोठा गट असतो आणि अभ्यासक त्यांनाही शिकणारे मानतात, ही सवलत मागच्या बाकावरच्या मुलांना अद्याप मिळालेली नाही. मतभेद मात्र बेताचेच होतात, कारण गृहपाठ हवाच असे मानणारा गृहपाठाच्या दुष्परिणामांवरील चर्चेकडे सहसा फिरकत नाही.

तरीही या गोंधळाला हसून मोकळे होता येत नाही. लहान गावातील शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी व्यक्ती एकच असते आणि तिचा प्रयोग फसला तर तो का फसला हे विचारायला त्या इमारतीत कोणी नसते. अशा शिक्षकाला तासाभरात दहा समव्यवसायी भेटतात, त्यांतले सात स्वतःच्या ब्लॉगचा दुवा देतात, पण उरलेले तिघे प्रश्नाचे उत्तर देतात. सक्तीच्या प्रशिक्षणांतून हे प्रमाण क्वचितच साधते. भारतीय शिक्षकाला गैरसोय होती ती घड्याळाची: एडचॅटची वेळ, न्यूयॉर्कमधील संध्याकाळचे 7, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात इकडचे पहाटेचे साडेचार, आणि त्या घटकेला अध्यापनशास्त्रावर मत व्यक्त करण्याइतकी निष्ठा दुर्मीळ आहे.

महाराष्ट्राने या प्रकाराला आपले वळण दिले ते कोरोनाकाळात, यूट्यूबवरील थेट प्रशिक्षणांच्या निमित्ताने. तेथे व्याख्यानाशेजारी चॅटचा रकाना धावत असे. ‘शुभ सकाळ सर’, नाव, शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा, ‘आवाज येत नाही’ आणि ‘आवाज येतोय’ अशा नोंदींच्या लोंढ्यात एखाद्या शिक्षिकेने बहुवर्ग अध्यापनात गणिताचे गट कसे पाडावेत असे विचारले, तर तो प्रश्न वक्त्याने चष्मा पुसेपर्यंत पडद्यावरून वर निघून जाई. प्रमाणपत्राची लिंक कधी मिळेल, हा प्रश्न मात्र कधीच वाहून जात नसे, कारण तो विचारणारे पुष्कळ होते आणि ते थांबत नसत.