दिवा हळदणकरांचा, उजेड रविवर्म्यांचा

राजा रविवर्मा १९०६ साली वारले आणि त्यानंतर चाळीसेक वर्षांनी त्यांनी एक अप्रतिम चित्र काढलं, असं आपल्याकडच्या अनेक फ्रेमवाल्यांचं आणि ऑनलाइन प्रिंटविक्यांचं ठाम मत आहे. चित्र सगळ्यांच्या ओळखीचं. साडीतली एक तरुणी उभी आहे, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, आणि त्या हाताच्या बोटांतून उजेड लालसर होऊन पाझरतो आहे. प्रत्यक्षात ते काढलं सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, १९४५-४६च्या सुमारास. दिवा घेऊन उभी होती त्यांची मुलगी गीता. नाव ‘ग्लो ऑफ होप’, मुक्काम म्हैसूरचा जगनमोहन राजवाडा. त्याच राजवाड्यातल्या कलादालनात रविवर्म्यांचीही चित्रं आहेत. त्यामुळे सहलीची बस सुटायच्या आत सगळं दालन ‘करून’ टाकणारा माणूस बाहेर पडताना एकच नाव घेऊन येतो, आणि ते अर्थातच आधीपासून पाठ असलेलं असतं.

प्रत विकत घेण्यात गैर काहीच नाही. मूळ चित्र जगात एकच, आणि भिंती पुष्कळ. पण या व्यवहाराकडे नीट पाहिलं तर एक मौज लक्षात येते. गिऱ्हाइकाला मूळ चित्र परवडत नाही, हे ठीक; पण त्याला मूळ चित्राबरहुकूम प्रतही नको असते. ‘महान चित्र म्हणजे असंच असणार’ अशी जी काही कल्पना त्याच्या डोक्यात असते, तिची प्रत त्याला हवी असते. आणि बाजार बिचारा आज्ञाधारक. तो मूळ चित्र बाजूला सारून थेट त्या कल्पनेवरून छपाई करतो.

पुरावा हवा असेल तर माध्यमापासून सुरुवात करू. हळदणकरांचं हे चित्र जलरंगातलं आहे, कागदावरचं. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. कागदाचा पांढरेपणा आधीच राखून ठेवावा लागतो आणि पातळ रंगांच्या थरांखालून तो दिसू द्यावा लागतो. तैलरंगात चुकलेल्या जागेवर पुन्हा रंग चढवता येतो, इथे चूक पुसायला गेलं की कागदच कुरकुरतो. दिव्याचा प्रकाश, तोही कातडीतून झिरपणारा, या माध्यमात पकडणं म्हणजे चित्रकाराने स्वतःलाच घातलेली पैज होती. आता प्रिंट पाहा. ती असते कॅनव्हासवर. वर्णनात लिहिलेलं असतं ‘ऑइल पेंटिंग लूक’. थोडे जास्त पैसे मोजले तर प्रिंटवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून मिळतात, म्हणजे बोट फिरवलं की ब्रश लागल्यासारखा वाटतो. ज्या चित्राचं सारं कसब रंग पातळ ठेवण्यात आहे, त्याच्यावर जाडी आणण्यासाठी वेगळा आकार! चित्रकाराने जिंकलेली पैज हरून दाखवायचे पैसे आपण खुशीने भरतो.

रंगाचंही तेच. बाजारात त्या तरुणीची साडी कुठे जांभळी, कुठे निळसर, कुठे चक्क गुलाबी. फोटोचा फोटो, त्याचा स्कॅन, त्यावर कोणीतरी ‘जरा उठाव आणलेला’. शिवाय पडद्यावरचा रंग प्रकाशाचा आणि कागदावरचा शाईचा, तेव्हा दोन्ही सारखे दिसतील ही आशाच फोल. हे तांत्रिक कारण झालं. पण खरं कारण पडदे आणि सोफा हे आहे. दुकानात ‘मूळ साडीचा रंग कोणता?’ असं विचारणारा विरळा. ‘आमच्या ग्रे सोफ्यावर कोणती जाईल?’ हा प्रश्न नेहमीचा. मग आकार. व्यक्तिचित्र उभं असतं, भिंत आडवी असते, आणि या दोघांत तडजोड कोणी करायची हे सांगायला नको. पायाकडचा भाग कापला जातो, डोक्यावरचा अंधार छाटला जातो. पाच तुकड्यांच्या पॅनेलमध्ये तर चेहरा एका चौकटीत आणि हात शेजारच्या चौकटीत, अशी फाळणीही होते. शेवटी वर एलईडीचा पिवळा झोत. ज्या चित्रात दिवा हा उजेडाचा एकमेव उगम आहे, त्यातल्या काळोखावर प्रकाश पाडून आपण त्या बाईच्या हातातला दिवा निकामी करतो. त्यावर चकचकीत काच असेल तर ट्यूबलाइटही चित्रात येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: घर आमचं, भिंत आमची, पैसे आमचे, तुमच्या पोटात का दुखतं? मुद्दा बिनतोड आहे. फक्त त्याचा निष्कर्ष शेवटपर्यंत न्यावा. भिंतीला जांभळा-सोनेरी उभा ठिपका हवा असेल तर वॉलपेपर स्वस्त पडतो आणि त्याला पाय नसल्यामुळे कापावेही लागत नाहीत. तरीही आपण वॉलपेपर न घेता ‘क्लासिक’ घेतो, कारण पाहुण्यांनी ते ओळखावं अशी इच्छा असते. म्हणजे चित्राची प्रतिष्ठा हवी आणि चित्राच्या अटी नकोत. आवडीचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहेच. पण उधारीच्या प्रतिष्ठेवर थोडं व्याज द्यावं लागतं, आणि ते व्याज म्हणजे चित्र मुळात कसं आहे याची जुजबी चौकशी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो खुद्द रविवर्म्यांच्या नावावर येतो. त्यांनी स्वतःच १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्या ओलिओग्राफ छपाईचा उद्देशच तैलचित्राचा भास निर्माण करणं हा होता. एकेका रंगासाठी वेगळा दगड, वर वार्निशची चमक. लोकांनी तर पुढे जाऊन देवीच्या छापील साडीवर टिकल्या आणि खरी जर चिकटवली. मग आजच्या जेलच्या फटकाऱ्यांनी काय घोडं मारलं? उत्तर असं की त्या छपाईत तैलचित्राचा भास तैलचित्राचाच होता. जे मूळ होतं त्याच्याकडे प्रत धावत होती, भले धापा टाकत का होईना. जर चिकटवणाऱ्या बाईलाही आपण छापील चित्र सजवतो आहोत हे पक्कं ठाऊक होतं. तिने ते अस्सल म्हणून कोणाला दाखवलं नाही. आजची प्रत मूळ चित्राकडे पाठ करून धावते, आणि गळ्यात दुसऱ्याच्या नावाची पाटी अडकवून धावते.

पाटीवरून तिसरा आक्षेप येतो: नावात काय आहे, चित्र सुंदर आहे ना? नावात काही नसेल तर नाव छापू नका, एवढंच सोपं आहे. पण कोरं ठेवायला कोणी तयार नाही. छापायचं आणि रविवर्म्यांचंच छापायचं. लग्नपत्रिकेवर वराच्या जागी गावातल्या बड्या असामीचं नाव घालून ‘लग्न तर लागतंय ना’ म्हणण्यातला हा प्रकार. शिवाय नावात कायदाही आहे. आपल्याकडे स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर सर्वसाधारणपणे ६० वर्षं टिकतो. रविवर्म्यांना जाऊन शतक उलटलं, त्यांची चित्रं कोणीही छापावीत. हळदणकर मात्र १९६८ साली गेले. त्या हिशेबाने मुदत २०२८च्या अखेरीपर्यंत येते. हक्क कोणाकडे हा वेगळा विषय, पण ‘मी याचा कर्ता आहे’ असं म्हणण्याचा चित्रकाराचा अधिकार आपला कायदा स्वतंत्रपणे मानतो. विक्रेते हे सारं जाणून-बुजून करतात असा आरोप करण्याचं कारण नाही. अज्ञान कधीकधी फारच सोयीच्या दिशेने पडतं, एवढंच म्हणू.

तेव्हा प्रत निवडायची असेल तर दुकानात चारच प्रश्न विचारावेत: चित्र कोणाचं, कशात काढलेलं, पूर्ण आहे की कापलेलं, आणि छपाई कशावरून केली. जलरंगाची प्रत जाडसर, खरबरीत, मॅट कागदावर घ्यावी, भोवती पांढरा माउंट सोडावा, चमक न मारणारी काच लावावी. हे सगळं जेलच्या फटकाऱ्यांपेक्षा महाग पडतंच असं नाही. फक्त ते प्रतीसारखं दिसतं, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याला जड जाते. राहिला प्रश्न पाटीचा. ‘हळदणकर’ हे नाव वाचून पाहुणे ‘हे कोण?’ असं विचारतील, ही भीती खरी आहे. पण रविवर्म्यांच्या नावाखाली कोणी काही विचारत नाही, मान डोलावतात आणि चहा घेतात. आख्ख्या चौकटीच्या किमतीत एक प्रश्न मिळत असेल तर सौदा वाईट नाही.