प्रलयानंतरचा कचरा

जगबुडीनंतर माणसाने कसे तगावे, याचा विचार धर्मग्रंथांनी पुष्कळ केला असला, तरी त्या दिवसांत कचऱ्याचे काय करायचे याची रीतसर नियमावली देण्याचा मान २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डेड ऑफ विंटर' या पटावरील खेळाकडे जातो. त्यात दोन ते पाच खेळाडू हिवाळ्यात अडकलेली एक वसाहत सांभाळतात आणि झाँबी, म्हणजे जीव गेला तरी भूक न गेलेली चालती प्रेते, दाराशी गर्दी करतात. तथापि, वसाहतीचे मनोबल केवळ त्यांच्यामुळे खचत नाही. वापरून टाकलेल्या दर दहा पत्त्यांमागे ते एका अंकाने घसरते, म्हणजे नगरपालिका नामशेष झाली तरी तिचा मुख्य प्रश्न तेवढा शिल्लक उरतो.

खेळाडूंच्या हाताखालच्या प्रत्येक पात्राला 'प्रभाव' दर्शवणारा आकडा असतो. बारा बाजूंच्या फाशावर चाव्याचे चिन्ह पडले की ते पात्र तत्काळ मरते आणि संसर्ग त्याच ठिकाणच्या सर्वांत कमी प्रभावाच्या पात्राकडे वळतो. संसर्गाला उतरंडीचे एवढे अचूक भान असणे वैद्यकशास्त्राला चमत्कारिक वाटेल, समाजशास्त्राला नव्हे. शिवाय प्रत्येक खेळाडूला एक गुप्त उद्दिष्ट दिलेले असते आणि ते न साधल्यास वसाहत वाचूनही तो हरतो, त्यामुळे सामूहिक संकटावर कळकळीने बोलताना हातातले पत्ते छातीशी धरण्याची प्रथा आहे. पात्रांत स्पार्की नावाचा कुत्राही असून नियमानुसार तो बंदूक चालवू शकतो. सर्वांत विश्वासार्ह तोच वाटतो, पण त्यालाही हलवणारा हात कोणातरी खेळाडूचाच असतो.