सायटेशनचा लातूर पॅटर्न

लातूरमध्ये बारावीच्या पोराला कुणी विचारत नाही, बाबा रे, पेशी समजली का? विचारतात, नीटला बायोलॉजीत 360 पैकी किती?

तोच पोरगा पुढे मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएच.डी. करतो, प्राध्यापकीच्या मुलाखतीला बसतो. तेव्हाही कुणी विचारत नाही, शोध काय लावलात? विचारतात, एच-इंडेक्स किती?

पॅटर्न तोच. फीसुद्धा सुटत नाही. आधी क्लासला भरायची, आता जर्नलला.

एच-इंडेक्स ही 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेली युक्ती. तुमच्या दहा पेपरांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला, की इंडेक्स दहा. उल्लेख कौतुकाचा की चूक दाखवणारा, याच्याशी आकड्याला देणंघेणं नाही. मित्राने केला तरी चालतो. स्वतःच केला तर उत्तमच.

जगात सर्वाधिक उल्लेख झालेला पेपर ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा, 1951 चा. तीन लाखांहून जास्त उल्लेख. विषय काय? द्रावणात प्रथिन किती, ते मोजण्याची रीत. लॉरींनी आयुष्यात एवढा एकच पेपर लिहिला असता, तर त्यांचा एच-इंडेक्स झाला असता एक.

आमच्याकडे अर्जाच्या छाननीतच बाद!

यूजीसीची 2018 ची नियमावली बघा. पेपरचे लेखक दोन असतील, तर प्रत्येकाला 70 टक्के गुण. म्हणजे एका पेपरचे 140 टक्के. नीटमध्येसुद्धा अशी सोय नाही.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर दहाच्या वर असेल, तर थेट 30 गुण. हा सरासरी उल्लेखांचा आकडा जर्नलचा असतो, पेपरचा नव्हे. गाजला शेजारच्या पानावरचा पेपर, गुण तुमच्या खात्यात.

मग बोगस जर्नलांचं पीक येणार नाही तर काय?

यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने घुसलेली 1,009 जर्नलं तपासली. 88 टक्के निकृष्ट. मे 2018 मध्ये 4,305 जर्नलं यादीतून उडवली. 2019 मध्ये 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी 2025 मध्ये तीही गुंडाळली. आता चांगलं जर्नल कोणतं, हे विद्यापीठांनीच ठरवायचं.

म्हणजे ज्यांच्या शिफारशीने तण आलं, निंदणीचं कंत्राटही त्यांनाच.

आता जरा नांदेडच्या रानात या. इथल्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-44 हा संकरित वाण दिला. मराठवाडा-विदर्भाच्या कोरडवाहू जमिनीत तो वर्षानुवर्षं लावला गेला. शेतकऱ्याने कधी तळटीप लिहिली नाही. पुढच्या हंगामात दुकानात जाऊन तीच पिशवी मागितली.

असा उल्लेख स्कोपसच्या सायटेशन-यादीत धरत नाहीत.

पुढे याच वाणात बीटी जनुक घातलं. बिकानेरी नरमा या कापसाच्या दुसऱ्या वाणासोबत त्याचाही सरकारी संस्थांचं 'आपलं बीटी' म्हणून 2009 मध्ये गाजावाजा झाला. त्यामागच्या जनुकरोपणाचा पेपर 'करंट सायन्स'मध्ये आधीच छापून आलेला. मग तपासणीत आढळलं मोन्सँटोचं जनुक! बियाणं मागे घेतलं आणि चौकशी करणाऱ्या सोपोरी समितीचा अहवाल यायला 2012 चा डिसेंबर उजाडला.

ही गडबड जनुक तपासल्यावर कळली. उल्लेख मोजत बसले असते, तर कधी कळली असती?

मोजणं सोपं, वाचणं अवघड, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. वाचायला विषय कळावा लागतो. मोजायला कारकून पुरतो. मग समितीवर तज्ज्ञ कशाला बोलावता? त्यांचा भत्ता तरी वाचवा.

नांदेडच्या विद्यापीठात किंवा लातूरच्या उपकेंद्रात पुढची मुलाखत होईल, तेव्हा समितीने एवढंच करावं. उमेदवाराचा एक पेपर, फक्त एक, घरून वाचून यावं. आणि विचारावं, हे तुम्ही नेमकं काय केलंत, सांगा.

उमेदवाराला सांगता आलं नाही, तर उमेदवार बदला. समितीला प्रश्नच विचारता आला नाही, तर समिती बदला.